रॉड-रॅपरचा वेग: पेडल, पट्टा आणि धागा (प्रकल्प नोंदी)

६ जुलै २०२४, शनिवार, पुणे

जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि कातळावर उभं राहून गळाने मासे गरवणारे आम्हीही या दिवसांत लाटांच्या जवळ जात नाही. रॉड बांधायचा मोसम हाच. रत्नागिरीच्या मित्रासाठी जिताडा-तांबोशीला पुरेल असा नऊ फुटी रॉड नारळी पौर्णिमेच्या आत, म्हणजे १९ ऑगस्टपूर्वी बांधून द्यायचा आहे. ब्लँक (रॉडची नुसती पोकळ कार्बन नळी) आला, गाईड (दोर ज्यातून जातो त्या कड्या) आले, ते ब्लँकवर बांधायचा धागा आहे. अडचण आहे ती रॅपरची, म्हणजे ब्लँक फिरवत त्यावर धागा गुंडाळणाऱ्या यंत्राची.

रॅपर घरीच बनवलेला आहे. ॲल्युमिनियमच्या चॅनेलवर दोन रोलर स्टँड, एका टोकाला दोन बेअरिंगमध्ये फिरणारा चक (ब्लँकचं टोक धरणारी पकड), आणि चक फिरवायला शिलाई मशीनची मोटर. मोटरच्या पाटीवर १०० वॅट, ६५०० आरपीएम लिहिलं आहे. मोटरची पुली १२ मिमीची, चकाची ७२ मिमीची, म्हणजे सहास एक. वेग पायाच्या पेडलने.

तक्रारी अशा. पेडल अर्ध्यापर्यंत दाबलं तरी मोटर नुसती गुणगुणते. आणखी जरासं दाबलं की चक एकदम धावत सुटतो. पाय अगदी स्थिर ठेवला तरी प्रत्येक फेऱ्याचा अर्धा भाग भरभर आणि अर्धा रेंगाळत जातो. आणि पेडल थोड्याच वेळात इतकं तापतं की चपलेतूनही जाणवतं.

गाईडच्या पायावर धागा चढवताना हे अजिबात चालत नाही. गाईडचा पाय घासून निमुळता केलेला असतो, धागा ब्लँकवरून त्या उतारावर चढतो तेव्हा पहिले दहा-बारा फेरे नखाने रेटत, एकाला एक चिकटवत घ्यावे लागतात. तिथे मिनिटाला २५-३० फेरे हवेत, आणि हवं तिथे अर्ध्या फेऱ्यात थांबता आलं पाहिजे. डी मापाचा धागा साधारण पाव मिलिमीटर जाड. २५ मिमीचं बांधकाम म्हणजे शंभर फेरे. सरळ भागात मिनिटाला १००-१५० फेरे पुष्कळ झाले. त्याहून जास्त वेग कोणाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.

७ जुलै, रविवार

विजेला हात लावण्याआधी यांत्रिक बाजू. हा क्रम मी कधीच सोडत नाही, कारण वेग नीट न राहण्याची निम्मी कारणं पट्ट्यात आणि बेअरिंगमध्येच सापडतात.

मोजायची रीत साधी आहे. चकाच्या ७२ मिमीच्या पुलीवर दोरा गुंडाळायचा, दोऱ्याला वाटीभर वजनं टांगायची आणि किती ग्रॅमला पुली हलते ते बघायचं. पट्टा काढून: १५ ग्रॅम. बेअरिंग उत्तम आहेत, तिथे काही करायला नको. पट्टा चढवून: १४० ग्रॅम! पट्टा फारच ताणलेला होता. मोटरचा ब्रॅकेट सैल करून पट्टा बोटाने दाबल्यावर सेंटिमीटरभर लवेल इतका ठेवला, तेव्हा ८५ ग्रॅम झाले. म्हणजे ७० ग्रॅम मोटरच्या ब्रशचे नि पट्ट्याचे आणि १५ बेअरिंगचे.

आता खरं ओझं किती? धाग्याचा ताण १५० ग्रॅम ठेवतो, ब्लँकची त्रिज्या बुंध्याकडे ७ मिमी. पुलीच्या ३६ मिमी त्रिज्येवर ते भरतं फक्त २९ ग्रॅम. त्यापुढचा हिशेब मात्र डोळे उघडणारा निघाला. सगळे गाईड मिळून साठेक ग्रॅमचे, ब्लँकच्या मध्यापासून सरासरी २० मिमीवर, आणि सगळे एकाच बाजूला. पुलीवर हे ३३ ग्रॅम होतात. गाईड खाली उतरत असतात तेव्हा हे ३३ ग्रॅम मोटरला मदत करतात, वर चढतात तेव्हा विरोध करतात. म्हणजे एकाच फेऱ्यात मोटरवरचं ओझं ८१ ग्रॅमपासून १४७ ग्रॅमपर्यंत हेलकावतं. जवळजवळ दुप्पट.

अर्धा फेरा भरभर आणि अर्धा रेंगाळत का, याचं उत्तर इथे आहे. मोटर बिघडलेली असो वा नसो, ओझंच तसं आहे. प्रश्न एवढाच, की हे ओझं बदलताना वेग धरून ठेवणारी व्यवस्था आपल्याकडे आहे का.

१० जुलै, बुधवार

मोटर उघडून पेठेतल्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेली. कार्बन ब्रशची लांबी भरपूर होती, पण एका ब्रशची स्प्रिंग मलूल झालेली. कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या गोल भागाच्या) तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत कार्बनची काळी भुकटी दाबून बसली होती.

"सँडपेपर जोरात मारू नकोस रे बाबा," काका म्हणाले. "फटीतली घाण लाकडी काडीने काढ, वरून स्पिरिटने पूस. तांबं जेवढं कमी खरवडशील तेवढी मोटर टिकेल."

स्प्रिंगची जोडी बदलली. ब्रश जुनेच ठेवले, कारण ते कम्युटेटरच्या गोलाईला बसलेले आहेत; नवे ब्रश बसायला काही तास हलक्या ओझ्यावर फिरवावे लागतात आणि तोवर ठिणग्या जास्त पडतात. घरी सिरीज बोर्डवर, म्हणजे विजेच्या वाटेत ६० वॅटचा दिवा लावून, मोटर सुरू केली. ठिणगी आता निळसर, बारीक आणि दोन्ही ब्रशांवर सारखी. गुणगुण कमी झाली. मूळ तक्रारी मात्र तशाच.

१३ जुलै, शनिवार

पेडल उघडलं. आत चिनीमातीच्या ठोकळ्यात कार्बनच्या पातळ चकत्यांची चवड. पायाने दाब वाढला की चकत्या एकमेकींना घट्ट टेकतात आणि रोध कमी होतो. जुन्या शिलाई मशीनच्या पेडलांत हीच रचना असते, आणि शिवणकामाला ती व्यवस्थित पुरते, कारण तिथे मशीन जड असतं आणि चाकाला हाताने धक्का देऊन सुरुवात करायची सवयच असते.

मल्टीमीटरने मोजलं. हलक्या दाबाला पेडल १२०० ओहमच्या आसपास, मोटरच्या गुंडाळ्या ८० ओहम. साधा हिशेब केला तर उभ्या मोटरला ०.१८ अँपिअरच मिळतात. शिलाईची मोटर सिरीज जातीची (सगळ्या गुंडाळ्या एकाच वाटेत, एकामागून एक), तिचा दम, म्हणजे फिरवण्याचा जोर, करंटच्या जवळजवळ वर्गाने चढतो-उतरतो. करंट निम्मा झाला की दम पावच उरतो. त्यामुळे सुरुवातीला मोटर ८५ ग्रॅमचं घर्षणसुद्धा मोडू शकत नाही, नुसती गुणगुणते. पाय अजून दाबायचा, घर्षण सुटतं, फिरणाऱ्या भागाचं घर्षण थांबलेल्यापेक्षा कमी असतं, आणि पेडल तर आता नको तेवढं दाबलेलं असतं. चक धावत सुटतो.

वर आणखी एक दोष आहे. मोटर वेग घेते तसा तिचा उलटा दाब (फिरताना ती स्वतःच तयार करते तो विरोधी व्होल्टेज) वाढतो, करंट कमी होतो, मग पेडलमध्ये वाया जाणारा व्होल्टेजही कमी होतो आणि मोटरच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतो. ओझं घटलं की वेग वाढवायचा आणि ओझं वाढलं की मोटरला उपाशी ठेवायचं, असं हे नियंत्रण उलट्या दिशेने काम करतं. गाईडच्या हेलकाव्याला त्याने खतपाणीच घातलं आहे.

तापण्याचंही कारण मिळालं. ०.१८ अँपिअर गुणिले ०.१८ गुणिले १२०० म्हणजे ३९ वॅट. पायाखाली ४० वॅटची इस्त्री ठेवल्यासारखंच. पेडल बिघडलेलं नाही. ते या कामाचं नाही.

१७ जुलै, आषाढी एकादशी

मित्रांचा सल्ला: पंख्याचा रेग्युलेटर लाव, स्वस्तात काम होईल. अनेकांना हे सुचतं, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

हल्लीच्या टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात. ५० हर्ट्झला ३.३ मायक्रोफॅरडचा अडथळा जवळपास ९६५ ओहम, म्हणजे २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आत करंट. उष्णता होत नाही हा फायदा खरा. पण मोटरच्या दृष्टीने हा पुन्हा वाटेतला अडथळाच, म्हणजे कार्बनच्या चवडीचाच थंड अवतार. छताच्या पंख्याला हे चालतं, कारण पंख्याचं ओझं वेगाबरोबर ठरलेल्या रीतीने वाढतं. पाती फिरताना मध्येच जड होत नाहीत. शिवाय रेग्युलेटरचे टप्पे चार-पाच, आणि मला हवा सलग वेग. हा मार्ग बंद.

२० जुलै, शनिवार

तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या बाजारात, जाऊन आलो. पावसात तिथल्या बोळातून छत्री घेऊन चालणं म्हणजे कसरतच, पण एका फेरीत सगळं मिळतं. आणलेलं सामान: बीटी१३६ ट्रायॅक, डीबी३ डायॅक, ५०० किलोओहमचा प्लॅस्टिक दांड्याचा पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रोध), ०.१ मायक्रोफॅरडचे ४०० व्होल्टचे कपॅसिटर, रोध, हीटसिंक, १ अँपिअरचा फ्यूज आणि होल्डर.

ट्रायॅक वाटेत अडथळा ठेवत नाही. मेनच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा सुरुवातीचा भाग तो अडवून धरतो आणि उरलेला भाग पूर्ण ताकदीने सोडतो. सोडलेल्या तुकड्यात मोटरला त्या क्षणाचा अख्खा व्होल्टेज मिळतो, त्यामुळे उभी मोटरही दमाने खेचते आणि ओझं वाढलं तर जास्त करंट घेऊ शकते.

सावधगिरी, कारण हे वाचून कोणी बनवायला घेईल: या सर्किटचा प्रत्येक बिंदू थेट मेनला जोडलेला असतो. पॉटचं धातूचं अंगसुद्धा सुरक्षित समजू नये. सर्किट प्लॅस्टिकच्या बंद डब्यात, पेडलचं कवच प्लॅस्टिकचं, रॅपरचा ॲल्युमिनियम चॅनेल आणि मोटरचं अंग अर्थिंगला जोडलेलं, बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच). आधी सगळी चाचणी सिरीज दिव्यातून.

२१ जुलै, रविवार

ट्रायॅकचं सर्किट जोडून चालवलं. सुरुवात पूर्वीपेक्षा मऊ झाली. पण पॉट शून्यापासून वर नेताना मोटर एका जागी अचानक सुरू होते, थेट मिनिटाला ८० फेऱ्यांवर. सुरू झाल्यावर पॉट मागे घेतला तर तीच मोटर ४० फेऱ्यांपर्यंत छान उतरते. म्हणजे कमी वेग सर्किटला जमतो, फक्त तिथून सुरुवात जमत नाही.

हा या सोप्या डिमर सर्किटचा स्वभाव आहे. कपॅसिटरचा व्होल्टेज ३२ च्या आसपास पोचला की डायॅक (ट्रायॅकला चालू करणारा भाग) फुटतो, म्हणजे एकदम वाहू लागतो, आणि फुटताना कपॅसिटरमधला काही भार काढून घेतो. त्यामुळे पुढच्या अर्ध्या लहरीत कपॅसिटर वेगळ्या पातळीवरून भरायला लागतो आणि आधीच्यापेक्षा लवकर ३२ ला पोचतो. डायॅक पहिल्यांदा फुटतो उशिरा, पुढच्या वेळी लवकर: हाच तो झटका. उपाय जुना आणि खात्रीचा आहे. पहिल्या कपॅसिटरपासून १५ किलोओहममधून दुसरा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरायचा आणि डायॅक त्याला जोडायचा. डायॅकने दुसऱ्याचा भार काढला तरी पहिला त्याला लगेच भरून देतो.

दुसरा टप्पा बसवल्यावर मोटर ४५ फेऱ्यांवर, हळूच, झटका न देता सुरू झाली. फेऱ्यातला हेलकावा कमी झाला, पण संपला नाही. गाईड चढताना चक अजून श्वास रोखतो.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. सिंहगड रोडच्या बाजूला सोसायट्यांत पाणी शिरलं आहे, आमच्याकडे वीज नाही. काम बंद, ओळखीच्यांची विचारपूस सुरू.

२८ जुलै, रविवार

आजचं काम विजेचं नाही, लेथचं. चक मिनिटाला ३० फेरे फिरतो तेव्हा सहास एक गुणोत्तरात मोटर फिरते १८०. जी मोटर ६५०० साठी बनली आहे तिला १८० वर चालवायचं म्हणजे तिच्या तीन टक्क्यांखाली. तिथे कुठलंही सर्किट धडपडणारच.

म्हणून मध्ये एक जॅक शाफ्ट घातला: १० मिमीचा दांडा, दोन बेअरिंग, त्यावर ७२ आणि १८ च्या दोन पुल्या. मोटरकडून ७२ वर, १८ वरून चकाच्या ७२ वर. सहा गुणिले चार, म्हणजे चोवीसास एक. चकाचा कमाल वेग आता २७० फेरे. मला तो पुरून उरतो.

हेलकाव्याचं काय होतं ते बघा. मोटरचं स्वतःचं ७० ग्रॅमचं घर्षण तसंच राहतं. पण बेअरिंग, धागा आणि गाईड मिळून जे ११ ते ७७ ग्रॅम होतं, ते चारने भागलं जाऊन मोटरच्या पट्ट्यावर ३ ते १९ ग्रॅम उरतं. आधी ओझं ८१ ते १४७, आता ७३ ते ८९ (जॅक शाफ्टच्या बेअरिंगचे काही ग्रॅम सोडून). मोटरला गाईडचं वजन जेमतेम जाणवतं आहे. आणि ३० फेऱ्यांना मोटर ७२० वर, जिथे ती सुखाने चालते.

चालवून पाहिलं. मिनिटाला २० फेऱ्यांवर सुरुवात, गाईड चढताना नि उतरताना डोळ्यांना फरक दिसत नाही. इतका आनंद पुष्कळ दिवसांत झाला नव्हता. रॅपरचा वेग जमत नाही असं कोणी म्हटलं तर मी आता पहिला प्रश्न पुलीच्या मापाचा विचारणार. सर्किट नंतर. गुणोत्तर न बघता महागडी पेडलं बदलत बसण्यात अर्थ नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

एक राहिलेली गोष्ट. कधीकधी कमी वेगावर चालताना मोटर क्षणभर पूर्ण वेगाने उसळते. गुणोत्तर बदलल्यामुळे आता घाबरण्यासारखं नाही, पण धागा विस्कटतो.

कारण शोधताना आधी पॉट बाद केला. पॉटची तार सुटली किंवा पॉट खराब झाला तर कपॅसिटर भरतच नाही, मोटर थांबेल, उसळणार नाही. पेडलची केबल हलवून, वाकवून पाहिली, फरक नाही. अंधारात मोटर बघितली तर उसळी ब्रशच्या मोठ्या ठिणगीबरोबर येते. मोटर प्रेरक ओझं आहे: लहर शून्यावरून गेली तरी तिचा करंट मागून येतो, आणि तो थांबतो त्या क्षणी ट्रायॅकवर व्होल्टेज एकदम उभा राहतो. त्या धक्क्याने, किंवा ब्रशच्या कडकडाटाने, ट्रायॅक गेटला (चालू होण्याचा इशारा जिथे मिळतो त्या टोकाला) विचारल्याशिवाय चालू होतो.

स्नबर (असे धक्के शोषणारी रोध-कपॅसिटरची जोडी) मुद्दाम शेवटी ठेवला होता, एकेका भागाचा परिणाम वेगळा कळावा म्हणून. तो आज लावला: १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, ट्रायॅकच्या दोन मुख्य टोकांवर. कपॅसिटर एक्स२ जातीचा, २७५ व्होल्ट एसीचा. इथे साधा डीसी कपॅसिटर वापरू नये. उसळी थांबली. घरातल्या रेडिओवरची खरखरही कमी झाली.

४ ऑगस्ट, रविवार

अमेरिकेत राहणारा एक ओळखीचा सुट्टीवर आला आहे. त्याने तिकडचा रॉड-ड्रायर (धाग्यावरची इपॉक्सी वाळेपर्यंत रॉड हळू फिरवणारं यंत्र) आणला: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १८ आरपीएम. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर लावला तर "हळू फिरतो, डिमर लावू का" म्हणाला. लावू नकोस. ती सिंक्रोनस मोटर आहे, तिचा वेग व्होल्टेजवर नसून फ्रीक्वेन्सीवर ठरतो. ५० हर्ट्झला १८ चे १५ होणारच, आणि इपॉक्सीला ओघळू न देण्यासाठी १५ उत्तम आहेत. डिमरने ती मोटर एकतर तेवढीच फिरेल, नाहीतर थरथरत थांबेल. माझ्या स्वतःच्या ड्रायरवर मायक्रोवेव्हच्या काचेच्या थाळीची मोटर आहे, ५० हर्ट्झला ५ आरपीएमची. ती कधी डावीकडे सुरू होते, कधी उजवीकडे. इपॉक्सीला त्याने काही फरक पडत नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

रत्नागिरीच्या मित्रालाही स्वतःचा रॅपर बनवायचा आहे. त्याच्या घरी लहान मुलं आहेत, किनाऱ्याची खारी हवा आहे. त्याला मी मेनवरचा ट्रायॅक सांगणार नाही. त्याच्यासाठी २४ व्होल्टची कायमचुंबकी डीसी मोटर (ई-स्कूटरला २५० वॅटची येते ती), २४ व्होल्टचा एसएमपीएस (मेनच्या विजेचं कमी व्होल्टेजचं डीसी करणारा) आणि पीडब्ल्यूएम कंट्रोलर, अशी जोडणी आज टेबलावर करून पाहिली.

या मोटरमध्ये चुंबक कायम असल्याने वेग व्होल्टेजशी घट्ट बांधलेला असतो. ओझं वाढलं तर गुंडाळीच्या रोधात जेवढा व्होल्टेज हरवतो तेवढाच वेग उतरतो. सिरीज मोटरसारखी ती ओझं कमी झाल्यावर पळत नाही. पीडब्ल्यूएम व्होल्टेज वेगाने चालू-बंद करतो, प्रत्येक वेळी पूर्ण २४ व्होल्ट देतो, म्हणून कमी वेगालाही दम शाबूत. पेडलमध्ये जाणारा व्होल्टेज निरुपद्रवी. ही मोटर २७०० आरपीएमच्या आसपासची, तिला दहास एक गुणोत्तर पुरतं.

त्याला दोन गोष्टी बजावून सांगायच्या. स्वस्त कंट्रोलर बोर्डांवर मोटरच्या टोकांवर फ्लायबॅक डायोड (मोटरचा उलटा धक्का पचवणारा) आहे की नाही ते बघून घे, नाहीतर मॉस्फेट (चालू-बंद करणारा भाग) जातो. आणि पॉटची मधली तार मुद्दाम सोडवून बघ: मोटर थांबली तर ठीक, पूर्ण वेगाने पळाली तर बोर्डावर ती तार जिथे जोडतात त्या टोकापासून शून्याच्या टोकापर्यंत १०० किलोओहमचा रोध जोडून ते शून्याकडे ओढून ठेव. आज टेबलावर असलेला बोर्ड पळाला.

१७ ऑगस्ट, शनिवार

रॉडचं सगळं बांधकाम पूर्ण झालं. सर्वांत मोठा गाईड, ज्याच्या दोन्ही पायांवर धागा नेहमी अडखळायचा, मिनिटाला २५ फेऱ्यांवर बांधला. फेरे काचेसारखे शेजारी शेजारी बसले, भिंगातून पाहिलं तरी फट नाही. टोकाची छोटी बांधकामं ६० वर. इपॉक्सीचा पहिला हात काल दिला, दुसरा आज संध्याकाळी, मग रात्रभर ड्रायरवर.

सर्किटच्या डब्याच्या झाकणाच्या आतून कागद चिकटवला आहे: पॉट ५०० किलो, पहिला कपॅसिटर ०.१, १५ किलो, दुसरा ०.१, डीबी३, बीटी१३६, स्नबर १०० ओहम आणि ०.१ एक्स२, फ्यूज १ अँपिअर. खाली पट्टा किती लवावा त्याचा अंदाज आणि वजनं टांगून मोजलेले आकडे. पुढच्या पावसाळ्याआधी ब्रशची लांबी आणि मोटरचा पट्टा येतो त्या ७२ च्या पुलीवरचे ग्रॅम पुन्हा मोजायचे. १०० च्या वर गेले तर आधी पट्टा, मग ब्रश.